जुन्या प्रेमाला जागा नव्हती

२ मे १९९१ च्या रात्री अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर 'साइनफेल्ड' या विनोदी मालिकेचा 'द डील' नावाचा भाग दाखवला गेला. त्या वेळी आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर टीव्ही म्हणजे दूरदर्शन. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झालं आणि पुढे वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेलं चित्र समुद्र ओलांडून थळ, किहीम, अलिबागच्या कौलांवरच्या अँटेनांपर्यंत येऊ लागलं. डोंगराआडच्या गावांत पडद्यावर मुंग्याच जास्त. 'द डील' आम्ही पाहिला तो कितीतरी वर्षांनी. पण तो पाहिल्यावर आपल्या विनोदी मालिकांच्या चाळीस-पन्नास वर्षांकडे वळून बघावंसं वाटलं, कारण त्यात जे आहे ते आपल्याकडे जवळजवळ नव्हतंच.

जेरी आणि एलेन हे एकेकाळचे प्रेमिक. प्रेम संपलं, मैत्री उरली. एका संध्याकाळी दोघं टीव्हीसमोर बसलेली असताना बोलता बोलता विषय निघतो: मैत्रीला धक्का न लावता पुन्हा शरीरानं जवळ आलो तर? मग दोघं गंभीरपणे नियम ठरवतात. दुसऱ्या दिवशी फोन करायलाच हवा असं नाही, रात्री मुक्काम करायचं बंधन नाही. वकिलांनी करारनामा लिहावा तशी ती चर्चा चालते आणि हसू येतं ते त्या गांभीर्यामुळे. मग एलेनचा वाढदिवस येतो. काय द्यावं हे जेरीला सुचत नाही. अखेर तो तिला रोख १८२ डॉलर देतो. शेजारचा क्रेमर मात्र तिला हवा असलेला बाक आणतो. लॅरी डेव्हिडनं लिहिलेला हा प्रसंग मला विनोदी लेखनातला फार वरच्या दर्जाचा वाटतो. समोरची बाई आता आपली नक्की कोण, हेच ठाऊक नसलेल्या माणसाला भेटवस्तू कशी सुचणार? आकडा धड शंभर नाही, दोनशे नाही. त्या विचित्र रकमेत त्याचा सगळा गोंधळ येतो. एलेन दुखावते, आणि ते दुखावणंही खरं वाटतं. या भागाच्या लेखनाला एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं. वाहिनीला ही जोडी जुळायला हवी होती, कर्त्यांना नको होती. त्यांनी भागाच्या शेवटी दोघांना एकत्र आणलं आणि नंतरच्या भागांत ती पुन्हा फक्त मित्र म्हणून वावरू लागली. १४ मे १९९८ च्या अखेरच्या भागापर्यंत ती लग्नाविना, भांडत-हसत एकमेकांच्या आयुष्यात राहिली.

आता आपल्याकडे बघू. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ आले. चि. वि. जोशींचं ते घर संसारी, आणि ते तसंच असायला हवं होतं. १९८४ साली 'ये जो है जिंदगी' आली. दापोलीकडचे शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी, आणि भागागणिक नवं सोंग घेणारे सतीश शाह. नवरा, बायको आणि मेहुणा. १९९४ च्या 'श्रीमान श्रीमती'त शेजाऱ्याची नजर शेजारणीवर, पण तीही चालू क्षणाची ओढ, त्यामागे भूतकाळ नाही. 'तू तू मैं मैं'मध्ये सासू-सून. रीमा लागू, सुप्रिया पिळगावकर, सचिन पिळगावकर अशी किती मराठी माणसं या हिंदी विनोदामागे होती! तरी ज्यांचं एकेकाळी जमलं होतं आणि नंतर फिसकटलं, अशी दोन माणसं एका खोलीत आणून बसवावीत असं कुणाला सुचलं नाही.

अगदी जवळ पोहोचली ती १९९५ ची 'हम पाँच'. अशोक सराफांच्या घरात दुसरी बायको वावरते, आणि पहिली, म्हणजे प्रिया तेंडुलकर, भिंतीवरच्या फोटोतून नवऱ्याशी बोलते, टोमणे मारते, सल्ले देते. कल्पना झकास होती आणि दोघांची जुगलबंदी आजही ताजी वाटते. पण त्यात एक अट दडलेली आहे: आधीची स्त्री आपल्या पडद्यावर येऊ शकते, पण मरण पावल्यावर. जिवंतपणी ती समोरच्या खुर्चीत बसून चहा पिऊ शकत नाही.

रंगभूमी याच काळात फार पुढे गेली होती. प्रशांत दळवींचं 'चारचौघी' हे नाटक १९९१ सालीच, 'द डील'च्याच वर्षी, चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनात उभं राहिलं. विवाहित पुरुषाशी नातं ठेवून मुली वाढवणारी आई आणि दोन तरुणांवर एकाच वेळी प्रेम असल्याचं उघड सांगणारी धाकटी मुलगी प्रेक्षकांनी तिकीट काढून पाहिल्या. म्हणजे मराठी माणसाला हे झेपत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. टीव्ही आजी-आजोबा आणि नातवंडं एकत्र बघत, म्हणून तो भिऊन राहिला.

आणि आमच्या अलिबाग-चौलकडच्या अष्टागराइतकी या विषयाला सोयीची जागा शोधून सापडणार नाही. जात आडवी आली, नोकरी नव्हती, घरच्यांनी ऐकलं नाही म्हणून न जमलेली प्रेमं इथे गावोगाव आहेत. आक्षीची मुलगी चौलला दिली, नागावचा मुलगा मुंबईला नोकरीला लागला. पण ती दोघं एकमेकांना कायमची टाळणार कशी? चौलच्या दत्तजयंतीच्या यात्रेत समोरासमोर येणार. गणपतीत येणार. अलिबागच्या एसटी स्टँडवर, मांडव्याच्या जेट्टीवर येणार. "कधी आलास?" "मुलगी कितवीला?" एवढंच बोलणं, तेही अख्ख्या गावाच्या देखत, आणि गावाला सगळं ठाऊक. जेरी-एलेनला नियम ठरवावे लागले. इथले नियम कुणी न सांगता पाळले जातात. हसू आणि हळवेपण दोन्ही त्यातच आहे.

२०१२ साली सतीश राजवाडेंच्या 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'नं कराराच्या लग्नापर्यंत मजल मारली. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांनी ती गोड केली. तिचा ओढा मात्र शेवटी मीलनाकडेच. २०१५ च्या 'दिल दोस्ती दुनियादारी'नं तरुण मुलं-मुली एका घरात आणली, तो मोकळेपणा मला मनापासून आवडला. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं 'देख भाई देख' आणि 'श्रीमान श्रीमती' पुन्हा दाखवल्या, तेव्हा त्यांतली माया जाणवली आणि हा रिकामा कोपराही.

'साइनफेल्ड' ऑक्टोबर २०२१ पासून नेटफ्लिक्सवर आहे, त्यामुळे 'द डील' आता रेवदंड्यात बसूनही मोबाइलवर दिसतो. मराठी लेखकांना माझी एकच विनंती आहे. एकदा मांडव्याच्या जेट्टीवर अशी दोन माणसं आणा, बोट तासभर उशिरा येऊ द्या आणि त्यांना बोलू द्या. त्यांचं पुन्हा लग्न लावू नका, एकाला मारूही नका. प्रेक्षक तयार आहे.