एक फळा, दोन खडू

मुलांनो, संगणकाच्या एकाच प्रोग्रॅममध्ये दोन-तीन कामे बरोबरीने चालवता येतात. अशा प्रत्येक कामाला थ्रेड, म्हणजे धागा, म्हणतात. युनिक्स पद्धतीच्या संगणकांसाठी धाग्यांचे नियम १९९५ साली ठरले. त्यांना 'पीथ्रेड्स' असे म्हणतात.

समजा, सी भाषेतला आपला प्रोग्रॅम 'मोजणी.सी' या फाइलमध्ये आहे. लिनक्सवर तो कंपाइल करण्याची आज्ञा अशी (टाइप करताना अक्षरे रोमन घ्यावीत):

जीसीसी -वॉल -पीथ्रेड मोजणी.सी -ओ मोजणी

'-वॉल' मुळे शंकास्पद ओळींबद्दल इशारे मिळतात. '-ओ' पुढे तयार प्रोग्रॅमचे नाव येते. '-पीथ्रेड' मुळे धाग्यांची सोय जोडली जाते. पूर्वी हा शब्द विसरला की लिनक्सवर 'पीथ्रेड_क्रिएट सापडत नाही' अशी तक्रार येई. २०२१ पासून जीलिबसी या मूळ लायब्ररीतच ती सोय आली. तरीही हा शब्द लिहावा, असे आम्ही सुचवतो. जुन्या संगणकांवरही मग अडत नाही.

आता खरी गंमत. दोन धाग्यांना एकाच आकड्यात प्रत्येकी १० लाख वेळा १ मिळवायला सांगा. उत्तर २० लाख यायला हवे. पण बहुधा कमीच येते, आणि दर वेळी वेगळे! कंपायलर मात्र गप्प असतो.

असे का? गणपतीच्या जेवणाला आलेली माणसे दोघे जण एकाच फळ्यावर मोजत आहेत असे समजा. दोघांनीही ५० वाचले, दोघांनीही ५१ लिहिले. माणसे आली दोन, वाढला एकच!

उपाय सोपा: खडू एकच ठेवा. ज्याच्या हाती खडू, त्यानेच वाचायचे आणि लिहायचे. मग खडू दुसऱ्याला द्यायचा. सी मध्ये या खडूला 'म्यूटेक्स' म्हणतात. तो 'पीथ्रेड_म्यूटेक्स_लॉक' ने घ्यायचा आणि 'पीथ्रेड_म्यूटेक्स_अनलॉक' ने सोडायचा. चूक सापडत नसेल, तर आज्ञेत '-एफसॅनिटाइझ=थ्रेड' घालून पुन्हा कंपाइल करा. प्रोग्रॅम चालताना धाग्यांची टक्कर झाली की ओळ क्रमांकासह इशारा मिळतो. त्यासाठी '-जी' ही जोडावे.

ही चूक क्षुल्लक नव्हे. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रामुळे १९८५ ते १९८७ मध्ये सहा रुग्णांना अतोनात किरण बसले, काही दगावले. त्यामागच्या कारणांत याच जातीची चूक होती.

म्हणून पालकहो, मुलांबरोबर हा प्रयोग खडूविना आणि खडूसह, दोन्ही प्रकारे करून पाहा. प्रोग्रॅम कंपाइल झाला म्हणजे तो बरोबर आहे असे नाही, हे मुलांना आपोआप कळेल.