पिल्लं एकमेकांची शेपटी का चावतात?

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या कोरड्या, झुडपाळ मुलखात बिअर्डेड ड्रॅगनची मादी जमिनीत बीळ खणते, वीसेक अंडी घालते, वर माती लोटते आणि निघून जाते. पुन्हा ती तिकडे फिरकत नाही. दोन-अडीच महिन्यांनी पिल्लं माती उकरून वर येतात. लांबी जेमतेम दहा सेंटिमीटर, वजन दोन-तीन ग्रॅम. ज्याला जिकडे आडोसा दिसेल तिकडे ते पळतं आणि भावंडांची ताटातूट होते.

आपल्या कुंपणावरच्या सरड्याच्याच कुळातला हा प्राणी. चिडला की गळ्याची काटेरी पिशवी फुगवून काळी करतो, म्हणून हा दाढीवाला. ऑस्ट्रेलियाने 1960च्या दशकातच तिथल्या वन्यजीवांच्या व्यापारी निर्यातीवर बंदी घातली. त्यामुळे अमेरिका-युरोपात पाळले जाणारे हे सरडे बहुतेक सगळे बंदिवासातच जन्मलेले असतात. तिथे पिल्लं अंडी उबवण्याच्या पेटीतून निघतात ती थेट काचेच्या पेटीत. पांगायला जागाच नसते, आणि दुखापती सुरू होतात त्या इथूनच.

पहिले एक-दोन दिवस पिल्लू फारसं खात नाही, पोटात शिल्लक राहिलेल्या बलकावर त्याचं भागतं. मग भूक खवळते. समोर जे लहान आणि हलतं दिसेल ते भक्ष्य, एवढंच त्याला कळतं. भावंडाच्या पायाचं वळवळणारं बोट किंवा शेपटीचं टोक त्याला अळीसारखंच वाटतं. यात वैर नाही, पण नुकसान कायमचं होतं. पालीची तुटलेली शेपटी पुन्हा वाढते, हे आपण घरोघरी पाहिलेलं असतं. बिअर्डेड ड्रॅगनची वाढत नाही. एवढंच नव्हे, चावलेलं टोक काळं पडून सुकलं तर सड वर चढत जाऊ शकते.

एकावर एक रचून पहुडलेली पिल्लं पाहून माणसं हरखतात. खरं तर तिथे ऊब देणाऱ्या दिव्याखालच्या जागेसाठी चुरस चाललेली असते. वरचं पिल्लू ऊब आणि अतिनील किरण अडवतं, खालचं गारठतं. गारठलेल्या सरड्याला अन्न पचत नाही, मग ते कमी खातं, खुरटतं आणि थोराड भावंडांना आणखी घाबरू लागतं. दबलेलं पिल्लू पुढचा एक पाय उचलून हवेत सावकाश फिरवतं. पाहणाऱ्याला ते टाटा वाटतं, पण त्याचा अर्थ ‘मी माघार घेतो’ असा असतो. सतत पाय हलवणारं पिल्लू त्याच दिवशी वेगळं काढावं.

मुळात एका पेटीत गर्दी नकोच. प्रत्येकाला स्वतंत्र जागा देता आली तर उत्तम. ते जमत नसेल तर सारख्या आकाराची मोजकी पिल्लं एकत्र ठेवावीत, ऊब घेण्याच्या जागा एकाहून जास्त असाव्यात. दिव्याखाली सुमारे 40 अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला 25-27 अंश, म्हणजे पिल्लू हवं तिथे सरकू शकतं. पोट भरलेलं असलं की चावाचावी बरीच कमी होते, म्हणून दिवसातून दोन-तीनदा खाणं द्यावं: लहान रातकिडे आणि बारीक चिरलेला पाला. दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा किडा देऊ नये. उरलेले रातकिडे रात्री पेटीत राहू देऊ नयेत, ते झोपलेल्या पिल्लालाच कुरतडतात. किड्यांना कॅल्शियमची पूड लावायची आणि अतिनील दिवा लावायचा, नाहीतर हाडं मऊ पडून साध्या उडीतही मोडतात. तळाला वाळूऐवजी साधा कागद बरा. म्हणजे वाळू पोटात जाऊन आतडं तुंबण्याची भीती राहत नाही, शिवाय कागदावर रक्ताचा ठिपका लगेच दिसतो.

तो दिसला की पिल्लू ताबडतोब वेगळं करावं आणि जखम पातळ केलेल्या पोव्हिडोन-आयोडीनने पुसावी. टोक काळं पडू लागलं, सूज चढली किंवा पिल्लाने खाणं सोडलं, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावं. सडलेला भाग वेळीच कापला तर उरलेली शेपटी वाचते, आणि आखूड शेपटीचं पिल्लूही नीट वाढतं.