अंत्यविधीचे थेट प्रक्षेपण : दूरच्या आप्तांसाठी, मृताचा मान राखून

दुबईहून दाबोळीला किंवा मोपाला येणारे विमान सव्वातीन तासांच्या आसपास पोहोचते. परंतु वडील गेल्याचा निरोप पहाटे मिळालेल्या मुलाला रजा, तिकीट आणि विमानतळ गाठणे या तिन्ही गोष्टी जुळवून दुपारच्या दहनविधीला उभे राहणे क्वचितच साधते. लंडन किंवा लिस्बनमधील मुलीला तर ते अशक्यच असते, आणि भर समुद्रात असलेल्या जहाजावरील खलाशाला पुढचे बंदर येईपर्यंत उतरताही येत नाही. आखात, पोर्तुगाल, इंग्लंड आणि बोटींवरील नोकऱ्या यांमध्ये विखुरलेल्या गोव्यातील कुटुंबांपुढे हा प्रसंग आज ना उद्या उभा राहतो. ख्रिस्ती कुटुंबांत परदेशस्थ मुले येईपर्यंत पार्थिव शवागारात ठेवून दफनविधी एक-दोन दिवस पुढे नेण्याची रीत आहे. हिंदू कुटुंबांत मात्र बहुधा त्याच दिवशी अग्नी दिला जातो. त्यामुळे अंत्यदर्शनाची संधी हुकली की ती कायमचीच हुकते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू करताना केंद्र सरकारने अंत्यविधीला २० पेक्षा अधिक माणसांनी जमू नये असे बंधन घातले. गावातलीच माणसे घराबाहेर पडू शकत नव्हती, तेव्हा मोबाइलच्या पडद्यावरून निरोप देण्याची वेळ अनेकांवर आली. निर्बंध गेले, पण ही पद्धत टिकली. ती नीट पार पाडली तर दूरच्या माणसाला दुःखात सामील झाल्याचे समाधान देते, आणि घाईगर्दीत उरकली तर मृताची विटंबना आणि जिवंतांची यातना एकदमच घडवते.

प्रथम संमती, मग मोबाइल

प्रक्षेपण करायचे की नाही, याचा निर्णय मृताची पत्नी किंवा पती आणि मुले यांनी घ्यावा. उत्साही भाचा किंवा शेजारी यांनी परस्पर फेसबुकवर चित्रण सुरू करणे सर्वथा अनुचित होय. चेहरा दाखवायचा का, किती वेळ दाखवायचा, हे आधीच ठरवावे. अपघाती मृत्यू किंवा दीर्घ आजार असेल तर चेहऱ्याऐवजी घरातील जुने छायाचित्र दाखवणे अधिक योग्य ठरते. पुरोहितांना आणि चर्चमध्ये विधी असेल तर तेथील फादरना आधी विचारावे. मीस सुरू असताना कॅमेरा कुठे उभा करायचा हे तेच सांगतील. विधीला जमलेल्या मंडळींनाही प्रक्षेपण होत असल्याची कल्पना द्यावी, कारण आपले रडणे परदेशात कोणी पाहत आहे हे जाणून घेण्याचा त्यांना हक्क आहे.

स्मशानातील चित्रणाचा निर्णय विशेष विचाराने घ्यावा. तिरडी उचलणे, खांदा देणे, प्रदक्षिणा आणि मंत्राग्नी येथपर्यंतचे चित्रण बहुतेकांना सहन होते. ज्वाळा चढल्यावर कॅमेरा दूर नेऊन चित्र मोठ्या चौकटीत घ्यावे किंवा प्रक्षेपण थांबवावे. अनेक घरांत स्त्रिया स्मशानात जात नाहीत. त्यामुळे हे प्रक्षेपण पाहणाऱ्यांत परदेशातील मुलाबरोबरच घरी माजघरात बसलेली त्याची आईही असू शकते. पुढे काय दिसणार आहे हे तिला आधी सांगितलेले असावे.

कोणते माध्यम निवडावे

पाहणारे आठ-दहा जणच असतील आणि त्यांनाही दोन शब्द बोलायचे असतील, तर व्हिडिओ कॉल पुरेसा आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या सामूहिक कॉलमध्ये ३२ जणांपर्यंत सामावतात. झूमच्या मोफत खात्यावर १०० जण येऊ शकतात, पण बैठक ४० मिनिटांनी आपोआप संपते. नेमका अग्नी देण्याच्या क्षणी पडदा काळा होऊ नये म्हणून ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

पाहणारे अधिक असतील तर यूट्यूब सोयीचे. मात्र नव्या खात्यावर थेट प्रक्षेपणाची सुविधा सुरू होण्यास २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, शिवाय मोबाइलवरून प्रक्षेपण करण्यासाठी किमान ५० सदस्यांची अट असते. त्यामुळे मृत्यूच्या दिवशी नवे खाते उघडून उपयोग होत नाही. गावातील देवस्थान समितीचे, भजनी मंडळाचे किंवा नातेवाइकाचे चालू खाते मागून घ्यावे. प्रक्षेपण ‘सार्वजनिक’ न ठेवता केवळ दुवा असलेल्यांनाच दिसेल असे ठेवावे आणि प्रतिक्रियांची खिडकी बंद करावी. तरीही तो दुवा कोणीही पुढे पाठवू शकतो, याचे भान असावे. ध्वनिमुद्रित भजने किंवा भक्तिगीते लाउडस्पीकरवर वाजत असतील तर यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा स्वामित्वहक्काच्या कारणावरून प्रक्षेपण खंडित करू शकते. मंडळींनी स्वतः म्हटलेल्या पारंपरिक भजनात तो धोका फारसा नसतो. यूट्यूबवरील चित्र काही सेकंद ते अर्धा-एक मिनिट उशिरा पोहोचते. म्हणून दूरच्या मुलाला विधीत बोलायचे असेल तर वेगळा फोन लावावा.

यंत्रांची तयारी

दुःखाच्या घरातील फोन दिवसभर वाजत असतो, आणि आलेला प्रत्येक कॉल चालू प्रक्षेपण तोडू शकतो. म्हणून घरच्या माणसाचा फोन त्यासाठी वापरू नये. उत्तम उपाय असा की चित्रण करणारा फोन विमान-अवस्थेत ठेवून त्याचे वाय-फाय तेवढे चालू करावे आणि दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवरून त्याला इंटरनेट द्यावे. सत्तरी, सांगे, काणकोण यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत एका कंपनीचे नेटवर्क मिळते तर दुसऱ्याचे नाही. स्मशानभूमीत आधी माणूस पाठवून कोणते चालते ते पाहून घ्यावे. साधारण ७२० दर्जाच्या तासाभराच्या प्रक्षेपणाला सुमारे १ जीबीहून थोडा अधिक डेटा लागतो. नेटवर्क अगदीच कमकुवत असेल तर थेट प्रक्षेपणाचा हट्ट सोडून नीट चित्रण करावे व ते नंतर पाठवावे. तसेही एका दुसऱ्या फोनवर चित्रण चालू ठेवलेले बरे.

फोन आडवा धरावा, शक्यतो तिपायीवर ठेवावा आणि वारंवार हलवू नये. चित्र थोडे अंधुक झाले तर चालते, पण मंत्र किंवा प्रार्थना ऐकू आली नाही तर पाहणारा विधीपासून तुटतो. त्यामुळे फोन पुरोहितांच्या जवळ, परंतु त्यांच्या मार्गात न येईल असा ठेवावा. पावसाळ्यात एक छत्री खास फोनसाठी हवी. पॉवर बँक तर बाराही महिने जवळ असावी.

हे काम अग्नी देणाऱ्याकडे किंवा अगदी जवळच्या आप्ताकडे देऊ नये. त्यांना निरोप घेऊ द्यावा. शेजारी किंवा मित्रांपैकी दोघांनी ते वाटून घ्यावे. एकाने फोन सांभाळावा, दुसऱ्याने दूरच्या मंडळींशी संदेशाने संपर्क ठेवावा.

वेळ कळवताना

निरोपात भारतीय वेळ स्पष्ट लिहून तिथल्या वेळाही द्याव्यात. येथे सायंकाळचे ५ वाजतात तेव्हा दुबईत दुपारचे ३.३० आणि कुवेतमध्ये २.३० वाजलेले असतात. लंडन व लिस्बनमध्ये हिवाळ्यात सकाळचे ११.३०, तर उन्हाळ्यात दुपारचे १२.३० झालेले असतात. अंत्ययात्रा ठरल्या वेळी निघेलच असे नसते. म्हणून पंधरा मिनिटे आधी प्रक्षेपण सुरू करून मृताचे छायाचित्र दाखवत ठेवावे आणि विलंब झाल्यास तसे कळवावे.

दुवा घरच्याच क्रमांकावरून पाठवावा. समाजमाध्यमांवरील श्रद्धांजलीच्या मजकुराखाली बनावट ‘थेट प्रक्षेपणाचे’ दुवे टाकून बँक कार्डाचा तपशील मागण्याचे प्रकार अनेक देशांत घडले आहेत. अंत्यदर्शनासाठी पैसे मागणारा दुवा खोटा समजावा, हे निरोपातच लिहिलेले बरे.

प्रक्षेपण संपल्यावर

चित्रण कोणाकडे राहील आणि किती दिवस, हे तेराव्यापर्यंत ठरवावे. ज्यांना हवे त्यांना प्रत देऊन इंटरनेटवरील मूळ काढून टाकणे सुरक्षित असते. काहींना ते वर्षश्राद्धापर्यंतही उघडवत नाही, आणि तसे असण्यात वावगे काही नाही.

सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाणारी गोष्ट मात्र यानंतरची आहे. स्मशानातून परतलेल्या माणसांभोवती शेजार असतो. चुलीवर दुसऱ्या कोणीतरी ठेवलेला चहा असतो, गप्प बसलेले चार सोबती असतात. परदेशातील भाड्याच्या खोलीत किंवा जहाजाच्या केबिनमध्ये प्रक्षेपण संपते तेव्हा तो माणूस एकटा असतो. त्यामुळे शक्य असेल तर त्याने एखाद्या मित्राला सोबत बसवून घ्यावे. आणि गावातून पडदा बंद करण्यापूर्वी, त्याला लगेच फोन करायचे काम कोणा एकाकडे नावानिशी सोपवलेले असावे.