श्रद्धाक्षय, व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधील
एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील सुशिक्षितांची ख्रिस्ती धर्मश्रद्धा क्षीण होत गेली. लायेलचे भूविज्ञान (१८३०–३३) व डार्विनचा क्रमविकासवाद (१८५९) यांमुळे बायबलमधील सृष्टिकथेचा शब्दशः अर्थ टिकेना. जर्मन पंडित श्ट्राउस याने येशूचरित्रातील चमत्कारांना पुराणकथा ठरविले (१८३५). जॉर्ज एलियट हिने त्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला (१८४६). तथापि विज्ञान व ग्रंथचिकित्सा एवढीच कारणे नव्हती. दयाघन ईश्वर अनंत नरकयातना देतो, ही कल्पनाच अनेकांना अनैतिक वाटली. अश्रद्धेची किंमतही मोजावी लागे. निरीश्वरवादी चार्ल्स ब्रॅडलॉ हा १८८० मध्ये निवडून आला, तरी शपथेच्या वादामुळे १८८६ पर्यंत त्याला संसदेत निर्वेधपणे बसता आले नाही. १८८८ च्या कायद्याने शपथेऐवजी प्रतिज्ञेची मुभा सर्वांना मिळाली. महाराष्ट्रात गो. ग. आगरकरांची बुद्धिवादी भूमिका मिल व स्पेन्सर यांच्या विचारांनी प्रभावित झालेली होती.