कूर्परमर्म, हाडवैद्य आणि आपली जबाबदारी

सातारा-सांगली भागात मूल झाडावरून वा सायकलवरून पडले, की घरची मंडळी आजही पुष्कळदा प्रथम हाडवैद्याचे दार ठोठावतात. यात नवल नाही. १९५२ साली ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव गोळेश्वरचे, हिंदकेसरी मारुती माने कवठेपिरानचे. तालमींच्या या मुलुखात सांधा बसवणारा आणि अंग रगडणारा हात कधी परका नव्हता. या हातांच्या कौशल्याविषयी आमच्या मनात आदर आहे. प्रश्न कौशल्याचा नसून, कातडीखाली काय आहे याच्या ज्ञानाचा आहे.

पाच ते सात वर्षांच्या मुलाचे कोपराच्या लगेच वर हाड मोडणे, ही लहान मुलांत नेहमी आढळणारी इजा. मोडलेल्या टोकाला लागूनच पुढून बाहूची मुख्य धमनी जाते. सूज वाढत असते, आणि त्याच वेळी बांबूच्या कामट्या लावून पट्टी करकचून आवळली जाते. अग्रबाहूच्या पेशींचा रक्तपुरवठा खुंटतो. सुमारे सहा तास ही स्थिती टिकली, तर त्या पेशी कायमच्या निकामी होऊ लागतात. बोटे वळतात, पंजा वाकडा होतो. मनगटाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहावे, तर तसेही नाही. पेशी मरत असतानाही नाडी लागू शकते. खरी खूण निराळी: मुलाची बोटे हलकेच सरळ करू गेल्यास ते असह्य वेदनेने किंचाळते. एवढे एक लक्षण ठाऊक असते, तरी पट्टी वेळीच सुटली असती आणि मूल मिरजेस किंवा साताऱ्यास शल्यचिकित्सकाकडे पोहोचले असते.

जर्मन शल्यविद फोल्कमान यांनी १८८१ मध्ये या विकृतीचे वर्णन केले. परंतु सुश्रुताने कूर्पर हे वैकल्यकर मर्म सांगून त्याच्या आघाताने ‘कुणि’ म्हणजे हात लुळा-वाकडा होतो असे नमूद केले आहे, आणि भग्नचिकित्सेत सैल बंधाने सांधा स्थिर होत नाही, तर घट्ट बंधाने त्वचा आदींना सूज, वेदना व पाक होतो असा इशाराही दिला आहे. ज्या आचार्यांनी शव वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून मग ते थर उलगडत पाहण्यास सांगितले, त्यांच्या परंपरेत शरीराची ओळख ही ऐच्छिक बाब कशी असेल?

अभ्यंगाची गोष्ट वेगळी नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांतून आणि शहरांतील केंद्रांतून ‘आयुर्वेदिक मसाज’ची पाटी लागली आहे. एका पायाची पोटरी अचानक सुजून दुखत असेल, तर ती शिरेतील गुठळी असू शकते. जोराने रगडल्यास ती सुटून फुप्फुसात अडकते आणि प्राण जातो. याच पोटरीच्या मध्यावर इंद्रबस्ति हे कालांतरप्राणहर मर्म आहे. जुन्या मधुमेह्याच्या बधिर पायावर नाडीस्वेद दिला, तर चटका बसल्याचे त्याला कळतही नाही.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ नुसार नोंदणीविना वैद्यकी करण्यास मनाई आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने भौतिकोपचारतज्ज्ञ इत्यादींचे शिक्षण आणि नोंदणी यांची चौकट आखली. मालिश करणारा मात्र या दोहोंच्या मधल्या फटीत राहतो.

आता थोडे स्वतःच्या घरात पाहू. चरकाने चिकित्सेच्या चतुष्पादात परिचारकाला स्थान दिले आणि त्याच्या गुणांत उपचारज्ञता प्रथम सांगितली. आपल्यापैकी किती जण पंचकर्मासाठी ठेवलेल्या सहायकाची ही उपचारज्ञता तपासतात? आपण स्वतः प्रथम वर्षात रचनाशारीर आणि क्रियाशारीर शिकलो. त्याने ते कुठे शिकावे? औषधी दुकानदार बंधूंनाही विनंती आहे. महानारायण तेलाची बाटली देताना ‘अमक्याकडून चोळून घ्या’ असे आपण सहज म्हणतो. त्या अमक्याला काय येते, हे विचारण्याची सवय लावून घेतली पाहिजे.

पिढीजात हाडवैद्यांना एका फटक्यात बेकायदा ठरवावे, असे आम्हास मुळीच वाटत नाही. तसे केल्यास ते गुपचूप काम करतील, एवढेच. पूर्वानुभवाला मान्यता देऊन प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य विकास योजनेत आहे. सहा महिन्यांचा, संध्याकाळचा, मराठीतून चालणारा वर्ग असावा. अस्थी, संधी, मोठ्या धमन्या-शिरा आणि नाड्या प्रत्यक्ष शवावर दाखवाव्यात. कोणत्या रुग्णाला हात लावू नये, यावर निम्मा वेळ द्यावा, आणि परीक्षा वर्ग चालवणाऱ्यांनी न घेता त्रयस्थांनी घ्यावी. साताऱ्यात आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय आहे, मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शवविच्छेदनगृहे संध्याकाळी रिकामीच असतात. दोन्ही जिल्ह्यांच्या शाखांनी येत्या बैठकीत या वर्गाचा ठराव घेऊन तो महाविद्यालयांकडे पाठवावा. शुल्काचा भार सहायकांवर पडू नये यासाठी त्यांना नोकरीस ठेवणाऱ्या वैद्यांनी तो निम्मा तरी उचलावा, अशी आमची सूचना आहे.