पदवीपूर्वीची उमेदवारी
(लेखांक सातवा)

‘उमेदवार’ हा शब्द आज कानावर पडतो तो बहुधा निवडणुकीच्या हंगामात. परंतु फारसीतील ‘उमेद’ म्हणजे आशा, तिच्यापासून निघालेला हा शब्द जेव्हा मराठीच्या दप्तरात रुळला, तेव्हा कचेरीत विनावेतन बसून, नकला करीत, अर्जाचा मायना जुळवीत, एखादी जागा रिकामी होईल या भरवशावर दिवस काढणारा तरुण असा त्याचा अर्थ होता. त्या प्रथेत वशिला होता, फुकट राबवून घेणे होते, आणि तिचे गोडवे गाण्याचे मला काही कारण नाही. तथापि दप्तर हाताळल्यावाचून दप्तराचे ज्ञान होत नाही, एवढी समज तीत होती. १९६१ साली अशा प्रशिक्षणाविषयी कायदा झाला, त्यानेही ‘शिकाऊ उमेदवार’ हीच संज्ञा जिवंत ठेवली.

नागपूरला या समजुतीचा वारसा जुना आहे. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञीपद जाहीर झाले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली आणि तिचा कारभार त्यांनी सोपविला तो बेझनजी मेहता या रेल्वेच्या मालखात्यातील गृहस्थावर. सूतकताईचा गंध नसलेला हा माणूस गिरणी चालवीत चालवीत गिरणी शिकला. सुशिक्षित तरुणांना शिकाऊ म्हणून गिरणीत घेण्याची रीतही टाटांनी येथे पाडली. पुढे कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांनी नागपूर विद्यापीठाला दिलेल्या सुमारे ३५ लाखांच्या देणगीतून १९४२ साली जी संस्था उभी राहिली आणि जिला नागपूरकर ‘एलआयटी’ या तीन अक्षरांनीच ओळखतात, तीही रसायनशास्त्र उद्योगाच्या कामी यावे याच हेतूने.

काही व्यवसायांनी ही उमेदवारी पदवीच्या वाटेवरच बांधून टाकली आहे. १९४७ साली स्थापन झालेल्या येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाला तरी, वर्षभर निरनिराळ्या विभागांतून आंतरवासिता केल्याखेरीज, त्याची पदवी पुरी होत नाही. सनदी लेखापाल होऊ पाहणाऱ्यालाही अंतिम परीक्षेआधी ‘आर्टिकलशिप’ करावी लागते. पूर्वी ती तीन वर्षांची होती, २०२३ पासून दोन वर्षांची झाली. रोग्याच्या आणि पैशाच्या बाबतीत कोरा पदवीधर समाजाला परवडत नाही, हे यातून उघडच आहे. उरलेल्या बाबतींत तो कसा परवडतो, हा प्रश्न मात्र कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या असंख्य विद्यार्थ्यांविषयी आपण फार काळ विचारलाच नाही.

आता नव्या शैक्षणिक धोरणाने तो विचारला आहे. पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्यात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाला, ज्याला विद्यार्थी ‘ओजेटी’ म्हणतात, ४ श्रेयांक मिळाले. एका श्रेयांकाचे ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. रोजचे आठ तास धरले तर हे अवघे पंधरा दिवस होतात. एवढ्या अवधीत कोणी कारागीर होत नाही, हे खरे. पण आपल्याला काय येत नाही, हे कळायला पंधरा दिवस पुरेसे असतात, आणि माझ्या मते तेच या योजनेचे खरे फळ.

अडचण निराळीच आहे. महाविद्यालयाने हाती दिलेले एक छापील पत्र घेऊन विद्यार्थ्याने स्वतःच दारे ठोठावायची, ज्याच्या काकांचे दुकान आहे त्याने तेथून शिक्क्याचा दाखला आणायचा, आणि ज्याला काका नाहीत त्याने हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत फाटकावरच्या पहारेकऱ्याशी हुज्जत घालायची, असा प्रकार जेथे चालतो तेथे ते १२० तास कागदावरच भरतात. दार ठोठावण्याचे काम विभागातील अध्यापकाचे आहे. आणि दार कारखान्याचेच असावे असेही नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये, मृग बहराची संत्री कळमन्याच्या बाजारात उतरत असताना, एखाद्या अडत्याच्या गादीशेजारी बसवावे. आवक वाढली की लिलावाचा भाव कसा मोडतो, हमाली आणि तोलाई वजा जाता काटोलच्या बागाईतदाराच्या हाती काय उरते, हे त्याने स्वतः मांडावे. पाठ्यपुस्तकातील मागणी-पुरवठ्याच्या दोन वक्ररेषा त्याला पुन्हा कधी निर्जीव वाटणार नाहीत. इतिहासाच्या विद्यार्थिनीसाठी १८६३ पासूनचा अजब बंगला, म्हणजे येथील संग्रहालय, आहे. तेथील एका नाण्याची नोंद जरी तिने शास्त्रशुद्ध रीतीने केली, तरी ‘साधन’ या शब्दाचा अर्थ तिला कळेल.

शासनाचे औदार्यही येथे जरा चमत्कारिक वाटेने गेले आहे. २०२४ साली आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णाला दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. परंतु ज्याचे शिक्षण चालू आहे तो अपात्र. त्याच वर्षी आलेल्या केंद्राच्या इंटर्नशिप योजनेतही २१ ते २४ वयाची अट होती आणि पूर्णवेळ विद्यार्थ्याला मज्जाव होता. बेकारी हटविणे हा या योजनांचा उद्देश असल्याने तिजोरीच्या दृष्टीने हे सुसंगत असेलही. परंतु ज्या मुलाला गावाहून नागपुरात येऊन, खोलीचे भाडे भरून, रोज बसने बुटीबोरीच्या कारखान्यात जायचे आहे, त्याला ते १२० तास पदरमोड करूनच काढावे लागतात, आणि हाती पैसा येण्याची शक्यता निर्माण होते ती तो विद्यार्थी राहिला नाही तेव्हा.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा याहून उदार आहे. ३० किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणे त्याने बंधनकारक केले आहे. आता या जागांचा हिशेब महाविद्यालयांनी मागायचा की कारखान्यांनी आपण होऊन द्यायचा, आणि विद्यावेतनाचा भार कोणी उचलायचा, हा विषय पुढील आठवड्याचा.