पंचेचाळीस वेळा दुप्पट

महाडजवळ सावित्रीच्या काठी सव नावाचं गाव आहे. तिथले गरम पाण्याचे झरे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक आहेत. अंगाला खाज सुटली, सांधे धरले की लोक तिथे आंघोळीला जातात. कोकणात असे झरे पालघरपासून राजापूरपर्यंत एका ओळीत सापडतात. रायगडातच पालीजवळचं उन्हेरेही याच ओळीतलं. या पाण्याला ज्वालामुखी तापवत नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्हारसातून झाला, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच निवला. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरतं. जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी चढतं. तिथे तापलेलं पाणी दुसरी भेग सापडली की वर येतं.

अशा ऊन पाण्याच्या कडेला दगडांवर जो बुळबुळीत थर धरतो, तो बहुतेक वेळा जिवंत असतो. असंख्य जिवाणू एकमेकांना चिकटून तिथे वस्ती करून राहिलेले असतात. नदी-तळ्याच्या साध्या पाण्यातसुद्धा एका मिलिलिटरमध्ये दहा लाखांच्या आसपास जिवाणू असतात. हे आकडे ऐकून माणूस थक्क होतो आणि विसरतो. माझ्या मते थक्क व्हायचं ते आकडा कसा तयार होतो हे पाहून. सजीवांच्या जगातल्या जवळजवळ प्रत्येक प्रचंड संख्येमागे एकच साधी क्रिया आहे: एकाचे दोन होणं.

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू घ्या. 37 अंश ऊब आणि भरपूर अन्न मिळालं तर तो 20 मिनिटांत एकाचे दोन होतो. तासाभरात आठ. इथवर काही विशेष वाटत नाही. दहा तासांनी ते शंभर कोटींवर गेलेले असतात. तरी त्या सगळ्यांचं मिळून वजन मिलिग्रॅमभरच भरतं, कारण एका जिवाणूचं वजन ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाइतकं असतं. दिवस पूर्ण झाला की मात्र 72 वेळा दुप्पट झालेली असते आणि कागदावर वजन येतं सुमारे 4,700 टन. आणखी वीस तास जाऊ द्या. सुरुवातीपासून 44 तासांच्या सुमारास त्या एका जिवाणूच्या वंशाचं वजन अख्ख्या पृथ्वीइतकं होतं. दोन दिवस पुरे होतात तेव्हा साडेतीन हजारांहून अधिक पृथ्व्या.

हे गणित खरं आहे. कागद-पेन्सिल घेऊन कुणीही करून पाहावं. प्रत्यक्षात असं घडत नाही, कारण अन्न संपतं, जागा संपते, आपलीच घाण आपल्याला मारू लागते, दुसरे जीव खातात, विषाणू फोडतात. दुप्पट होण्याची ताकद प्रत्येक जिवात आहे. जग टिकलंय ते तिला आवर घालणाऱ्या गोष्टींमुळे.

आता आपल्या शरीराकडे वळू. आपणही एका पेशीपासूनच निघालो. गर्भधारणेनंतर त्या पेशीचे दोन व्हायला सुमारे एक दिवस लागतो आणि पाचव्या दिवशी जेमतेम शंभरेक पेशी असतात. प्रौढ माणसाच्या शरीरात त्या सुमारे 30 लाख कोटी असतात. आपल्या आकाशगंगेत 10 ते 40 हजार कोटी तारे असावेत असा अंदाज आहे. जास्तीचा अंदाज धरला तरी एका माणसातल्या पेशी ताऱ्यांच्या कितीतरी पट भरतात. आणि एकावरून तिथवर जायला किती वेळा दुप्पट व्हावं लागतं? दोनाचा 45 वा घात 35 लाख कोटी येतो. म्हणजे पंचेचाळीस वेळासुद्धा नाही. प्रत्यक्षात सगळ्या पेशी एका तालात विभागत नाहीत आणि वाटेत कोट्यवधी मरतात, पण हिशोबाचा अंदाज हाच.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट पुढेच आहे. जन्मलेलं बाळ तीन किलोचं असतं. तीनाचे सहा, बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस, आणि वर थोडं. बाळाचा धडधाकट माणूस होईपर्यंत वजन फक्त साडेचार वेळा दुप्पट होतं. रांगणं, शाळा, मिसरूड फुटणं, सगळं त्या साडेचारांत आलं. उरलेली चाळीस वेळची दुप्पट आईच्या पोटात नऊ महिन्यांतच उरकलेली असते.

30 लाख कोटी म्हणजे किती, हे समजायला आपलं भाताचं पीक बरं. एका किलो भातात साधारण 40 हजार दाणे येतात. पेशीला एक दाणा असं मोजलं तर एका माणसाला साडेसात लाख टन भात लागेल. दहा टनांचा एक ट्रक धरला तर 75 हजार ट्रक, आणि ते एकामागे एक चिकटून उभे केले तर रांग पनवेलहून निघून महाड, पोलादपूर, कशेडी घाट करत गोवा ओलांडून कर्नाटकात कारवारच्याही पुढे जाईल.

या पेशींमधल्या सुमारे 25 लाख कोटी एकट्या लाल रक्तपेशी आहेत. सहा पेशींतल्या पाच! एकेकीत सुमारे 27 कोटी हिमोग्लोबिनचे रेणू ठासून भरलेले असतात. ती साधारण 120 दिवस जगते. तेव्हा रोज 20 हजार कोटींच्या वर पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या तयार व्हाव्या लागतात. दर सेकंदाला 24 लाख. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत तुमच्या हाडांतल्या मज्जेने कोटभर पेशी घडवून रक्तात सोडल्या. शेतात चिखलणी करणाऱ्या बाईच्या शरीरात हे चालतं आणि खाटेवर निजलेल्या आजोबांच्याही.

इथे एक चुकीचा आकडा दुरुस्त करायला हवा, कारण तो फार ठिकाणी छापून येतो. प्रत्येक पेशीत दोन मीटर डीएनए असतो, म्हणून सगळ्या पेशींना दोनने गुणून लांबी सांगितली जाते. पण लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं, म्हणजे डीएनए नसतो. रक्तातल्या बिंबाणूंतही नसतो. ज्यांत असतो अशा पेशी सुमारे तीन लाख कोटी उरतात. त्यांचा डीएनए टोकाला टोक जोडून लांबवला तर 600 कोटी किलोमीटर भरेल. सूर्य आपल्यापासून 15 कोटी किलोमीटरवर आहे. म्हणजे तिथे वीस वेळा जाऊन परत येता येईल. खरा आकडा एवढा मोठा असताना फुगवायचं कारणच काय?

आणि या देहात आपण एकटे नाही. आपल्या अंगावर आणि मुख्यतः मोठ्या आतड्यात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू राहतात. संख्येने ते आपल्या पेशींपेक्षा थोडे जास्तच, पण वजन सगळ्यांचं मिळून पावशेरही नाही. ई. कोलाय मोकळा सुटला तर दोन दिवसांत पृथ्वीला भारी पडेल असं वर म्हटलं, तोच या गर्दीत जन्मभर आवरात राहतो.

शरीराच्या स्वतःच्या पेशींनाही असाच आवर असतो. 1961 मध्ये लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या तर साधारण पन्नास वेळा विभागून थांबतात. ज्या पेशीचा आवर सुटतो ती थांबत नाही, आणि त्यालाच आपण कर्करोग म्हणतो.

हीच दुप्पट माणसाने कामालाही लावली, आणि त्यासाठी मदत झाली ती गरम झऱ्यातल्या एका जिवाणूची. 1966 मध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या कढत पाण्यात थॉमस ब्रॉक यांना थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा जिवाणू सापडला. त्याला 70 अंशांची धग मानवते. आपल्या शरीरातली प्रथिनं 42 अंशांच्या पुढे बिघडू लागतात, तिथे याची जवळजवळ उकळत्या पाण्यातही शाबूत राहतात. 1983 मध्ये कॅरी मुलिस यांनी डीएनएच्या प्रती काढण्याची पीसीआर पद्धत शोधली. दर फेरीला मिश्रण 95 अंशांपर्यंत तापवावं लागे आणि त्यात प्रती काढणारं साधं विकर (एन्झाइम) निकामी होई. थर्मसचं विकर टिकलं आणि काम सुकर झालं. एका रेणूपासून तीस फेऱ्यांत 107 कोटी प्रती. मुलिस यांना 1993 चं नोबेल मिळालं. 2020 मध्ये आपल्या नाकातून काडी फिरवून जी आरटी-पीसीआर तपासणी झाली, तिचा पाया हाच. सवचं पाणी यलोस्टोनइतकं कढत नाही, पण ऊन पाण्यातली ही सूक्ष्म दुनिया किती मोलाची असू शकते हे त्यावरून कळावं.

शरीराबाहेर, नदीत आणि शेतात हाच हिशोब चालतो. पहिल्या जोराच्या पावसात ओढ्यांना पाणी आलं की मासे प्रवाहाच्या उलट शेतांत चढतात, आपण वलगण म्हणतो ती. एकेका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. माशांची संख्या वर्षानुवर्षं तीच राहायची असेल तर एका मादीच्या जन्मभराच्या अंड्यांतून सरासरी फक्त दोन पिल्लं मोठी होऊन आईबापाची जागा घेतात. बाकीची बगळ्यांची, पाणसापांची, मोठ्या माशांची आणि आपली. म्हणून अंडी घालायच्या आधीच सगळे मासे धरणं हे ओढा रिकामा करणं आहे. सावित्रीतल्या मगरीचंही तसंच. मादी काठावर खड्डा करून एका वेळी 25 ते 30 अंडी घालते आणि वीस वर्षं वीण धरली तरी पाचशेच्या वर. त्यातूनही दोनच. शिवाय पिल्लू नर होणार की मादी, हे खड्ड्यातली ऊब ठरवते. साधारण 32 अंशांच्या आसपास नर, त्याखाली मादी. एका अंशाने इकडचं तिकडे होतं.

दुप्पट जशी झपाट्याने वाढवते, तसं निम्मं होणं झपाट्याने संपवतं. रायगडात याचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. म्हसळ्याजवळ चिरगावच्या झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडं आहेत आणि महाड तालुक्यात नाणेमाचीच्या कड्यांवर लांब चोचीची. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्क्यांनी घटली. हजारात एक उरलं. म्हणजे दहा वेळा निम्मी. लांब चोचीची सुमारे 97 टक्क्यांनी घटली, म्हणजे पाच वेळा निम्मी. कारण होतं गुरांना देण्यात येणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात आणि काही दिवसांत ते मरतं. एका गुराच्या मढ्यावर कितीतरी गिधाडं एकत्र जेवतात, म्हणून 760 मढ्यांमागे एखादंच विषारी असलं तरी एवढा ऱ्हास घडू शकतो, असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे.

जिवाणू दहा वेळा दुप्पट व्हायला साडेतीन तासही घेत नाही. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू स्वतः वीण धरायला पाचेक वर्षं घेतं. सगळं सुरळीत होऊन दर दहा वर्षांनी संख्या दुप्पट झाली असं धरलं, तरी 1992 च्या आकड्याला पोचायला शंभर वर्षं लागतील.

गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर 2006 पासून बंदी आहे. 2023 मध्ये अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि कीटोप्रोफेन यांनाही बंदी झाली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना अपाय करत नाही आणि ते गुरांच्या दुखण्यावरही चालतं. महाड-पोलादपूरच्या गोठेवाल्यांना एवढीच विनंती आहे: जनावर दुखण्याला पडलं तर डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागा, आणि माणसांसाठीची डायक्लोफिनॅकची बाटली कुणी गुरासाठी पुढे केली तर ती घेऊ नका.